फर्रुखनगरच्या वेशीपर्यंत

सायकलवर आम्ही दिल्लीभोवती एकूण किती किलोमीटर फिरलो, हे मला कुणी विचारू नये. गोखल्यांना विचारावं, त्यांच्या हँडलला तो आकडा दाखवणारं यंत्र होतं. मला लक्षात राहिली ती थांबण्याची ठिकाणं. चालत्या सायकलवर काही घडत नाही, घाम येतो फक्त. जे काय घडतं ते थांबल्यावर. आणि आम्ही फार थांबायचो, म्हणून किस्से साठत गेले. आता कुणी जेवायला आलं की एखादा बाहेर निघतो आणि मग आमची भाजी गार होते.

गुडगाव तेव्हा नुसतं उगवत होतं. अर्धे टॉवर उभे, अर्धे खड्ड्यात, आणि दोन्हीकडे जनरेटरची घरघर. तिथून एक कालवा गावांमधून जायचा. त्याच्या काठाला कच्ची वाट होती. रविवारी पहाटे त्या वाटेने निघायचं, धनकोटला चहा, सुलतानपूरच्या तळ्यावर पक्षी, आणि शेवटी फर्रुखनगर. जुनं, तटबंदीचं, छोटंसं गाव. जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर.

आम्ही चौघं सायकलवर. मी, मूळची ठाण्याची, गुडगावात सॉफ्टवेअरमध्ये. गोखले, पुण्याचे, गिअरची सायकल आणि मिनिटवार वेळापत्रक बाळगणारे. सलीम मुजावर, मिरजेचा, एका परदेशी कंपनीत मार्केटिंगला. आणि कांबळेसाहेब, मूळचे वर्ध्याकडचे, एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, मुक्काम दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर. कांबळेसाहेबांच्या मिसेस, विमलवहिनी, सायकलवर नसायच्या. त्या साहेबांच्या मारुती व्हॅनमधून डबे घेऊन पुढे जायच्या. रामफल नावाचा ड्रायव्हर व्हॅन चालवायचा. माझी आठ वर्षांची सई त्यांच्यासोबत मागे बसायची.

सईलाच वहिनींनी ते पहिल्यांदा सांगितलं. लहानपणी त्यांच्या घरात एक सायकल होती, ती भावांसाठी. वहिनी मॅट्रिकपर्यंत शाळेत पायी गेल्या. पुढे बस, रेल्वे, सरकारी गाडी, सगळ्यातून फिरल्या. "पण एकदा मला स्वतः पायडल मारत एखाद्या गावाच्या वेशीतून आत जायचंय," म्हणाल्या. दिल्लीत वाढलेल्या सईने विचारलं, वेस म्हणजे काय? वहिनी म्हणाल्या, गावात शिरायचा दरवाजा. फर्रुखनगरला आहे की, दिल्ली दरवाजा. तोच.

साहेब फेब्रुवारीअखेर रिटायर होणार होते. मग क्वार्टर सोडायचं आणि नागपूर, मुलाकडे. वहिनींचं वय तेव्हा बावन्न. सायकलला त्यांनी आयुष्यात हात लावला होता तो पुसण्यापुरता.

*

धनकोटला रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या जाटाची चहाची टपरी होती. सगळे त्यांना ताऊ म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. सुरुवातीला व्हॅन इथे थांबायची नाही, थेट सुलतानपूरला जायची. पहिल्याच रविवारी सलीमने सवयीने ऑर्डर दिली, "ताऊजी, दो चाय, चार गिलास में."

ताऊंनी आमच्याकडे बघितलं. मग सायकलींकडे बघितलं. मग आत गेले आणि चार मोठे पितळी ग्लास भरून चहा घेऊन आले. वर लोणी घातलेल्या रोट्या. पैसे घेईनात. सलीमने खूप आग्रह केला, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बेटा, नौकरी छूट गी के?"

आम्ही हसलो आणि विसरलो. ताऊ विसरले नाहीत. चार माणसं दोन चहांत भागवतात, गाडी नाही म्हणून वीस किलोमीटर सायकल मारतात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी गोखल्यांना बाजूला घेतलं, चेहऱ्याने तेच जास्त गरजू वाटत असावेत. पुतण्याने जमीन बिल्डरला दिली होती, तिथे मोठी बिल्डिंग होत होती, चौकीदार हवा होता. शब्द टाकू का, म्हणाले.

गोखल्यांनी विचारलं, कुठली बिल्डिंग? ताऊंनी नाव सांगितलं. त्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर गोखल्यांनी फ्लॅट बुक केला होता. ताबा मिळायला दोन वर्षं उशीर झाला होता आणि बिल्डरचा माणूस त्यांना गेटच्या आत सोडत नव्हता.

गोखल्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "ताऊजी, चावी मिलेगी क्या?"

*

कांबळेसाहेबांचा एक नियम होता. खरं तर सरकारचा होता, पण पाळणारे आम्हाला भेटले ते एकटेच. सरकारी अधिकाऱ्याने मुख्यालय सोडून जायचं तर आधी परवानगी घ्यायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दिल्लीची हद्द ओलांडली की हरियाणा. म्हणून साहेब दर शुक्रवारी अर्ज करायचे. मुक्कामाची ठिकाणं: धनकोट, सुलतानपूर, फर्रुखनगर. प्रयोजन: सायकलने जाणे व येणे.

चार-पाच महिने अर्ज मुकाट्याने मंजूर होत राहिले. मग त्यांचे जॉइंट सेक्रेटरी बदलले. नव्या साहेबांनी अर्जावर लिहिलं, कृपया चर्चा करें. सरकारात या तीन शब्दांनी माणसाची झोप उडते. कांबळेसाहेब फाईल घेऊन चर्चेला गेले. नव्या साहेबांनी विचारलं, दर रविवारी त्याच तीन ठिकाणी? तिथे आहे काय? कांबळेसाहेबांनी खरं ते सांगितलं. धनकोटला चहा आहे, सुलतानपूरला बगळे आहेत, फर्रुखनगरला एका हलवायाकडे गरम जिलेबी आहे. साहेबांचा विश्वास बसला नाही. हरियाणात जमिनीचे भाव चढत होते, आणि एक अंडर सेक्रेटरी दर आठवड्याला तिकडे जातो ते बगळे बघायला, हे कुणालाही पटलं नसतं.

पुढच्या रविवारी आम्ही धनकोटला पोचलो तर टपरीसमोर पांढरी ॲम्बॅसडर उभी. जॉइंट सेक्रेटरी बाकड्यावर बसलेले, हातात पितळी ग्लास, समोर भजी. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली. दुसरी प्लेट मागवली. तिसरा ग्लास चहा घेतला. मग तोंड पुसून, सगळ्यांसमोर, कडक आवाजात विचारलं, कांबळे, आजची परवानगी घेतली आहे ना?

साहेबांनी सायकलच्या पिशवीतून मंजूर अर्ज काढून दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि परत दिला.

कांबळेसाहेबांनी पिशवीत पुन्हा हात घातला. एक कोरा फॉर्म काढून अदबीने पुढे धरला. म्हणाले, "सर, आप का?"

*

वहिनी व्हॅनने यायच्या, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर आमच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचायच्या. तेवढ्या वेळात त्या गाडीत बसून राहत नसत. परिणाम असा की त्या सगळ्या वाटेवर सगळे वहिनींना ओळखायचे आणि आम्हाला 'व्हॅनवाल्या मॅडमचे लोक' म्हणून. धनकोटला त्या थेट ताऊंच्या चुलीपाशी जाऊन बसायच्या. तिथे ताऊंच्या बायकोला त्यांनी थालीपीठ शिकवलं, बाजरीच्या पिठाचं, कांदा-कोथिंबीर घालून.

दोन महिन्यांनी ते टपरीवर विकायला लागलं. ट्रकवाले थांबून खायचे. गोखल्यांना फार भरून आलं. त्यांनी एका ट्रक ड्रायव्हरला थांबवून समजावलं की हा पदार्थ महाराष्ट्राचा, त्याचं नाव थालीपीठ, आणि मधली भोकं आतपर्यंत तेल जावं म्हणून. ताऊ ऐकत होते. ते म्हणाले, गोखले साब, रहण दो. ही आमच्या गावची जुनी रोटी आहे. माझी आजी करायची. आणि भोक तेलासाठी नाही. शेतावर नेताना काठीत ओवून खांद्यावर टाकता यावी म्हणून.

गोखले तावातावाने वहिनींकडे आले. तुम्ही सांगा त्यांना. वहिनी डबे पुसत होत्या. म्हणाल्या, "असेल हो. काठीचं पटतंय मला."

*

सलीमला एकदा रस्त्यात फोन आला. तेव्हा मोबाईलला सगळीकडे रेंज नसायची, म्हणून तो एका कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली उंचवट्यावर चढला आणि हात लांब करकरून बोलायला लागला. त्याच झाडाखाली गोखल्यांची ट्यूब फुटली होती. सायकल उलटी करून ते चाक फिरवत होते आणि यंत्रावरचे आकडे मोठ्याने वाचत होते. कांबळेसाहेब शेजारी उभे राहून वहीत लिहीत होते. ते पक्ष्यांची नावं लिहायचे. बांधावर आठ-दहा गावकरी जमले, बघत उभे राहिले, काही न विचारता निघून गेले.

पुढच्या रविवारी त्या झाडाला एका प्रॉपर्टी डीलरची पाटी होती. त्याच्या पुढच्या रविवारी तीन पाट्या. महिन्याभरात शेतात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या आणि बांधावर 'प्रस्तावित सेक्टर' असा दगड रोवला होता. कुणी प्रस्ताव मांडला होता, ते फक्त आम्हाला माहीत होतं.

हे मी सगळ्या ऑफिसला हसत हसत सांगायचे. लोकांना कसं कुणीही बनवतं वगैरे. दिवाळीच्या सुमारास सलीम पेढे घेऊन आला. फ्लॅट बुक केला म्हणाला. कुठे, म्हटलं, तर त्याने गुळगुळीत कागदाचा नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. मी म्हटलं, सलीम, अरे ही गोखल्यांच्या पंक्चरची जागा. तिथे काही नाहीये. आपल्यामुळे झालंय ते सगळं.

"माहितीये यार," तो म्हणाला. "म्हणूनच घेतला. जागा ओळखीची आहे."

आता तिथे अठरा मजले आहेत. सलीम बाराव्यावर राहतो. आम्ही त्याच्याकडे जेवायला जातो तेव्हा मी हा किस्सा सांगत नाही.

*

वहिनींना सायकल मी शिकवली. चोरून. साहेबांना कळलं तर ते आधी रस्त्याची पाहणी करतील, मग गुडघ्यांचा एक्स-रे, आणि तोवर फेब्रुवारी संपेल, असं वहिनींचं म्हणणं. त्यांनी सरोजिनी नगरच्या बाजारातून एक सलवार-कमीज घेतला होता, आयुष्यातला पहिला. तो ताऊंच्या घरी खुंटीला असायचा. पुरुष मंडळी पक्षी बघायला सुलतानपूरला गेली की वहिनी आत जाऊन साडी बदलायच्या, आणि माझ्या सायकलवर, कालव्याच्या काठाने, आमचं सुरू.

मी वाईट शिक्षिका आहे. ओरडते. पुढे बघा, खाली नको, पायडल मारा, मारा, मारा! वहिनी कालव्यात नाही तर मोहरीच्या शेतात, अशा आलटून पालटून जायच्या. कालव्यात एकदाच, तेही काठावर. गावातल्या बायका घुंघटातून बघायच्या आणि पडल्या की धावत येऊन उचलायच्या. कोपर सोललं की वहिनी घरी सांगायच्या, व्हॅनचं दार लागलं. सहा रविवार व्हॅनचं दार लागत होतं. साहेबांनी एकदाही रामफलला दार दुरुस्त करायला सांगितलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

सातव्या रविवारी वहिनी एकट्या, न पडता, पुलापासून पुलापर्यंत गेल्या. मी काठावर बसून रडले. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. माझ्याकडे सायकल सातवीपासून होती आणि तिचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी साहेब सुलतानपूरहून आल्यावर त्यांची पक्ष्यांची वही बाकड्यावर उघडी राहिली. मी सहज चाळली. अक्षर सुंदर, रकाने आखलेले. तारीख, ठिकाण, वेळ, पक्षी, शेरा. सात रविवारांची सात पानं सुलतानपूरची नव्हतीच. ठिकाण, कालव्याचा पलीकडचा काठ. पक्ष्याचा रकाना कोरा. शेऱ्यात लिहिलं होतं: पडली तीनदा, उठली तीनदा. पडली दोनदा, उठली दोनदा. शेवटच्या पानावर फक्त, पडली नाही.

साहेबांच्या गळ्यात दुर्बीण होती. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि म्हणाले, हिला सांगू नका.

*

शेवटचा रविवार आला. साहेबांच्या रिटायरमेंटला तीन दिवस होते, लक्ष्मीबाई नगरच्या घरात सामानाची खोकी बांधून तयार. वहिनी सकाळी, आदल्या रविवारी ताऊंच्या खुंटीवरून आणलेला सलवार-कमीज घालूनच गुडगावला उतरल्या. साहेबांनी आश्चर्य वाटल्याचा अभिनय केला. सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढून त्यांना अभिनय अजिबात येत नव्हता.

माझी सायकल वहिनींकडे, म्हणून मी व्हॅनमध्ये. साहेबही व्हॅनमध्ये, रामफलच्या शेजारी. मी पाठीशीच राहीन म्हणाले. गोखले आणि सलीम सायकलवर पुढे. वहिनी मध्ये. त्यांच्यामागे व्हॅन, पहिल्या गिअरमध्ये, एकवीस किलोमीटर. रामफल दर थोड्या वेळाने इंजिनची माफी मागत होता.

धनकोटला ताऊंचं सगळं घर रस्त्यावर उभं होतं. वहिनी थांबल्या नाहीत, थांबलं तर पुन्हा बसायला होणार नाही म्हणाल्या होत्या. सुलतानपूरच्या पुढे समोरून वारा लागला. वहिनींचा वेग इतका कमी झाला की शेजारून एक म्हातारा काठी टेकत पुढे गेला. साहेब डॅशबोर्डवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी म्हटलं, थांबवायचं का? अगदी जवळ आलोय, हवं तर थोडं गाडीत बसवू. साहेब म्हणाले, "ती बसणार नाही. मला विचारायला लावू नका."

मग दिसला दिल्ली दरवाजा. नेमकी तेव्हाच आतून लग्नाची वरात बाहेर येत होती. बँड, घोडी, नाचणारी माणसं. गोखले आणि सलीम सायकलवरून उतरून बाजूला झाले. रामफलने ब्रेक लावला. वहिनी उतरल्या नाहीत. घोडीच्या आणि भिंतीच्या मध्ये जेमतेम जागा होती, त्यातून त्या सरळ वेशीच्या आत गेल्या. बँडवाल्यांनी ढोल वाजवतच त्यांना वाट दिली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सईने शिट्टी मारली. त्या आता आत चौकात थांबतील, हलवायासमोर, असं आम्ही धरून चाललो होतो. वरात सरायला पाच मिनिटं लागली. आत गेलो तर चौकात वहिनी नाहीत. हलवायाने झारा हातातच ठेवून बाजाराच्या दिशेला दाखवलं. मैडम उधर गई, बहुत तेज.

 मी त्यांना वळायला शिकवलं होतं, घंटी वाजवायला शिकवलं होतं. ब्रेक शिकवल्याचं मला आठवेना. कालव्यावर त्या नेहमी पाय टेकून थांबायच्या, नाही तर पडून. मी तसं साहेबांना सांगितलं. ते व्हॅन थांबायच्या आत उतरले आणि बाजारातून पळत सुटले, साठीचा माणूस, गळ्यात दुर्बीण, लोकांना विचारत. लोक हाताने पुढे दाखवत होते. भांड्यांचं दुकान, पुढे. पिठाची गिरणी, पुढे. मग गावाचा दुसरा दरवाजा, झज्जरी दरवाजा. त्याच्या बाहेर पानवाला म्हणाला, निकल गई. आम्ही साहेबांना व्हॅनमध्ये ओढून घेतलं.

तीन किलोमीटरवर त्या सापडल्या. झज्जरच्या रस्त्यावर, एका पुलाच्या कठड्याला सायकल नीट टेकवून, पदराऐवजी ओढणीने तोंड पुसत उभ्या. एकही ओरखडा नव्हता. मागून गोखले आणि सलीम धापा टाकत पोचले.

मी विचारलं, वहिनी, ब्रेक लागले नाहीत का?

"लागतात की," वहिनी म्हणाल्या. "लावले म्हणून तर थांबले."

साहेबांनी आधी वहिनींची दोन्ही कोपरं बघितली. मग त्यांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं, सायकल आत घ्यायला. चल आता, म्हणाले, झाली ना वेस.

वहिनींनी सायकलचं हँडल धरलं आणि ती रस्त्यावर घेतली. तोंड फर्रुखनगरकडे नव्हतं. त्यांनी विचारलं, पुढे कुठलं गाव? साहेब म्हणाले, झज्जर, पण ते खूप लांब आहे.

वहिनींनी एक पाय पायडलवर ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. मी आलेच."